गावच्या सायकल ग्रुपमध्ये मागे पडणारे टिकवायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावातल्या मित्रमंडळींनी मिळून शनिवार-रविवारच्या सायकल राइड सुरू केल्या. सुरुवातीला चौदा-पंधरा जण उत्साहाने येत होते, दोन-तीन महिन्यांत निम्मे गळाले. चार-पाच जण जोरात पुढे निघून जातात, बाकीचे धापा टाकत मागून येतात आणि ‘या रविवारी जमणार नाही’ असे मेसेज वाढत चाललेत. वेगवेगळ्या दमाच्या माणसांना सोबत घेऊन राइड चालवायची कशी, अंतर किती ठेवायचं, आणि मागे पडणाऱ्यांनी हलकी सायकल घेतली तर फरक पडेल का, हे तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं अशाच मिश्र ग्रुपच्या राइड नेते. वय, दम, सायकल, सगळंच वेगळं असलेली माणसं त्यात असतात. माझ्या मते तुमची अडचण वेगातल्या फरकाची नाही. फरक कुठल्याही ग्रुपमध्ये असतोच, अगदी कसलेल्या लोकांतही. अडचण ही आहे की घरातून निघताना कुणीच ठरवलेलं नाही की आज आपण एकत्र जाणार आहोत की आपापल्या दमाने. ठरलेलं नसलं की पुढचा समजतो मागचा येईल सावकाश, आणि मागचा समजतो आपल्यामुळे सगळे खोळंबलेत. मागच्याला ते दोन-तीन वेळा वाटलं की तो यायचं बंद करतो. कारण विचारलं तर कामाचं सांगतो.

हा पेच जुनाच आहे. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये फ्रान्समध्ये १९०४ साली आँरी देग्रांज यांनी, म्हणजे ‘टूर द फ्रान्स’ शर्यत सुरू करणाऱ्यांनी, ऑदाक्स नावाची पद्धत रुजवली. तिच्यात सगळा गट एकत्र चालतो, वेग कप्तान ठरवतो आणि कप्तानाच्या पुढे कुणी जायचं नाही. आजही त्या पद्धतीच्या राइड साधारण ताशी २२.५ किमी या बांधलेल्या वेगाने होतात. पुढे १९२१ मध्ये त्यातूनच दुसरी वाट फुटली: ज्याने त्याने आपल्या वेगाने जायचं, फक्त ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं. आज होणारी २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची बिनशर्यतीची राइड, जी साडेतेरा तासांत संपवायची असते, ती या दुसऱ्या वाटेची. दोन्ही पद्धती शंभर वर्षं टिकल्या, कारण दोन्हींत निघण्याआधी प्रत्येकाला नियम माहीत असतो. तुमच्या ग्रुपमध्ये अर्धे जण पहिल्या पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने चालवतायत.

आता यातलं काय निवडायचं, हे तुमच्या परिस्थितीवर आहे. रस्ता सपाट असेल आणि माणसं आठ-दहा असतील तर एकत्र जाणं सोपं. चढ मोठे असतील तर एकत्र राहणं जवळजवळ अशक्य, तिथे नियम वेगळा लागेल. पुढच्या चार-पाच जणांना शर्यतीची तयारी करायची असेल तर त्यांच्यासाठी रविवार सोडून दुसरा एखादा दिवस काढा. एकाच राइडमध्ये शर्यतीची तयारीही होईल आणि नवखा माणूसही रमेल, असं होत नाही. पण तुम्ही ‘मित्रमंडळी’ असा शब्द वापरलाय, म्हणून मी धरून चालते की तुम्हाला एकत्र जायचंय.

एकत्र जायचं म्हणजे चाकाला चाक लावून जायचं असं नाही. ठरलेल्या ठिकाणी थांबायचं आणि सगळे आल्यावर निघायचं, एवढंच. आणि सगळं बिघडतं ते नेमकं या थांबण्याच्या जागीच. पुढचे पाच जण येतात, सावलीत बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. दहा मिनिटांनी शेवटचा माणूस येतो, लाल झालेला, घामाने निथळणारा. त्याचा एक पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच पुढच्यांपैकी कुणीतरी हेल्मेटचा पट्टा लावत म्हणतं, “चला, आले सगळे, निघू या.” ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज होती त्यालाच ती मिळत नाही. पुढच्या टप्प्यावर तो आणखी मागे पडतो. असे तीन थांबे झाले की तो माणूस सलग सायकल चालवत असतो, आणि त्याच्यापेक्षा तगडी माणसं विश्रांती घेत घेत. म्हणून माझा पहिला नियम: थांब्याची वेळ शेवटचा माणूस आल्यापासून मोजायची. तो आला, सायकल टेकवली, पाणी प्यायला, श्वास जागेवर आला, मग पाच मिनिटं. आणि “निघू या” हे शब्द त्याच्याच तोंडून यायचे. बाकी कुणी म्हणायचे नाहीत. हा एक नियम लावला तरी निम्मं काम होतं, हे मी खात्रीने सांगते.

दुसरा नियम थांब्यांमधल्या अंतराचा. हिशेब करून बघा. तुमच्यातला जोरकस माणूस ताशी २४ किमीने जातो आणि सावकाश जाणारा १६ ने, असं धरा. तीस किलोमीटर न थांबता गेलात तर पहिला सव्वा तासात पोचेल आणि दुसरा त्यानंतर सदतीस मिनिटांनी. एवढा वेळ कुणीच आनंदाने वाट बघत नाही. तोच थांबा पाच किलोमीटरवर ठेवला तर फरक सहा मिनिटांचा होतो. सहा मिनिटं म्हणजे पाणी पिऊन टायर दाबून बघण्याएवढी. सपाट रस्त्यावर मी आठ-दहा किलोमीटरच्या पुढे थांबा ठेवत नाही, चढावर त्याच्या निम्म्यावर. चढ लांबलचक असेल तर मध्येही एक थांबा ठेवते, कारण माथ्यावर उभं राहून वीस मिनिटं वाट बघणाऱ्यांचे घामाचे कपडे अंगावर गार पडतात आणि मग त्यांना निघायची घाई होते. थांबताना वळणावर किंवा ऐन माथ्यावर थांबू नका. थोडं पुढे, रस्ता सोडून खाली, आणि मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशा जागी थांबा.

वळणांचं काय? गावाकडच्या आडरस्त्यांवर फाटे फार. कुठे फोनला रेंज नसते, कुठे मॅप पाऊलवाटेलाच रस्ता म्हणून दाखवतो. यावर एक पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. पुढे नेणारा ठरलेला असतो आणि सर्वांत मागे राहणाराही ठरलेला असतो, त्याला आम्ही स्वीप म्हणतो. फाटा आला की नेणाऱ्याच्या लगेच मागे जो असेल तो तिथे उभा राहतो आणि स्वीप दिसेपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवतो. मग तो स्वीपच्या पुढे राहून निघतो. पुढच्या फाट्यावर पुढचा माणूस. यात जोरात जाणारे आपोआप मागे येत राहतात, वाट चुकत नाही आणि वेगाची चढाओढही थोडी उतरते.

स्वीपची निवड मात्र विचार करून करा. पंक्चर काढता येतं, दम आहे आणि बोलायचं कमी, असा माणूस हवा. शेवटच्या सायकलस्वाराच्या अगदी मागे चिकटून राहिलं की त्याला ढकलल्यासारखं वाटतं. आठ-दहा मीटर अंतर ठेवा, रस्ता मोकळा असेल तर अधूनमधून शेजारी या. चढावर सल्ले देऊ नका. धाप लागलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही आणि त्याला ते लाजिरवाणं वाटतं. हे काम दर राइडला बदलतं ठेवा आणि पुढे पळणाऱ्यांनाही त्यात घ्या. एकदा पूर्ण राइड मागे राहून केली की पुढच्या वेळी त्यांचा वेग आपोआप कमी होतो. मागे काय चालतं हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

जोरात जाणाऱ्यांवर सगळी बंधनं लादलीत तर तेही गळतील, तेव्हा त्यांचीही सोय करा. मी प्रत्येक राइडमध्ये एक मोकळा टप्पा ठेवते, सात-आठ किलोमीटरचा, कमी रहदारीचा, शक्यतो चढाचा. तिथे ज्याला जसं जायचं तसं त्याने जावं. पण वर पोचल्यावर बसून राहायचं नाही. वळून खाली यायचं, शेवटच्या माणसाला गाठायचं आणि त्याच्यासोबत पुन्हा चढायचं. त्यांची भूक भागते आणि शेवटच्या माणसाला सोबत मिळते. दुसरा उपाय वेगवेगळ्या वेळी निघण्याचा. वीस किलोमीटरवर भेटायचं ठरलं असेल तर १६ च्या वेगाने सव्वा तास लागतो आणि २४ च्या वेगाने पन्नास मिनिटं. म्हणजे सावकाश जाणाऱ्यांनी पंचवीस मिनिटं आधी निघायचं. दोन्ही गट एकाच वेळी पोचतात आणि परतीला सगळे एकत्र येतात. माणसं बारा-तेराच्या वर असतील तर असे दोन गट करणं रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठीही बरं, कारण लांबलचक रांगेला ओलांडताना मागच्या गाडीवाल्याची अडचण होते आणि तो धोका पत्करतो.

आता वाऱ्याबद्दल, कारण मागे पडणाऱ्याला ‘जरा जोर लाव’ म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या पुढे गेलं की आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. वीसवरून पंचवीसवर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण हवेशी झगडायला लागणारी शक्ती जवळपास दुप्पट. त्यामुळे ‘फक्त पाच किमीचा फरक’ हा मागच्याच्या पायांना फक्त पाचचा नसतो. दुसऱ्याच्या आडोशाने चालवलं तर वेग आणि अंतर यांनुसार पाचव्या हिश्शापासून एक तृतीयांशापर्यंत कष्ट वाचू शकतात. म्हणजे समोरून वारा असेल तेव्हा तगड्या माणसाने पुढे पळून जाण्याऐवजी दमलेल्याच्या पुढे राहून वारा अडवावा. चढावर मात्र वेगच कमी असतो, तिथे आडोशाचा उपयोग जवळपास नाही. तिथे प्रत्येक जण आपला आपण.

आडोसा घेताना एक गोष्ट कडक पाळा. तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला सरकू देऊ नका. समोरचा जरासा हलला आणि दोन चाकं घासली तर तो बहुतेक वेळा सावरतो, पडतो तो मागचा, कारण त्याचं वळवायचं चाक अडकलेलं असतं. मित्रांच्या राइडला शर्यतीसारखं वीतभर अंतर नको. एका सायकलची लांबी ठेवा, आडोसा तरीही मिळतो. आणि पुढच्याने तोंडाने सांगत राहायचं: खड्डा, वाळू, थांबतोय. मागच्याने सांगायचं: गाडी आली. उतारावर ही लांबी कितीतरी पटीने वाढवा, वळणाच्या आधीच वेग कमी करा आणि दोन्ही ब्रेक वापरा. ‘पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटतो’ या भीतीने कित्येक जण फक्त मागचा दाबतात आणि चाक घसरवतात. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, तो हळूहळू दाबायला शिकायचं असतं.

हलक्या सायकलचा प्रश्न. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरलं आणि दोन किलोने हलकी सायकल घेतली, तर चढावर फरक पडतो अडीच टक्क्यांचा. दहा मिनिटांच्या चढाला पंधरा सेकंद. सपाट रस्त्यावर तेवढाही नाही. त्यासाठी पैसे घालवू नका. मागे पडणाऱ्याची सायकल घेऊन आधी तीन गोष्टी बघा.

एक, सीटची उंची. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर आला की गुडघ्यात हलका बाक राहतो. नवख्यांची सीट बहुतेक वेळा फार खाली असते, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं त्यांना वाटतं. त्याने मांड्या लवकर भरून येतात आणि गुडघे दुखतात. हा बदल एकदम करू नका, थोडं थोडं वर न्या.

दोन, टायरमधली हवा. कमी हवेचा टायर ओढत नेणं हा फुकटचा चढ आहे. पण टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा म्हणजे भरायचा आकडा नव्हे. रुंद टायरला कमी दाब लागतो, अरुंदला जास्त, वजनदार माणसाला जास्त, खडबडीत रस्त्याला थोडा कमी. अंगठ्याने दाबून बघण्यावर विसंबू नका, दाब दाखवणाऱ्या काट्याचा पंप ग्रुपमध्ये एक तरी असावा आणि राइडच्या सकाळी सगळ्यांनी त्यावर हवा तपासावी.

तीन, गिअर, आणि यावर मी सर्वांत जास्त भर देईन. समजा पुढचं लहान चक्र ३४ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं २८ चं आहे. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर सायकल ताशी सुमारे ९ किमीने जाते. ज्याची चढावर ताशी ७ किमीचीच ताकद आहे त्याला पंचेचाळीसच्या आसपास फेऱ्यांवर, प्रत्येक फेरीला जोर लावत, रखडत चढावं लागतं. तो दमतो त्याच्या दमामुळे नव्हे, गिअरमुळे. मागे सर्वांत मोठं चक्र ३४ दात्यांचं असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बसवली तर साठ फेऱ्यांना वेग साडेसातच्या आसपास येतो आणि तोच माणूस बसून, श्वास न फुलता चढतो. तुमच्या सायकलच्या डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला, एवढी मोठी कॅसेट चालते का, हे मेकॅनिकला आधी विचारा. चालत असेल तर नव्या सायकलीच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ. आणि गिअर चढ लागण्याआधी उतरवायचा असतो, पाय अडकल्यावर नव्हे, हे नवख्यांना कुणी सांगत नाही.

अंतराबद्दल मी किलोमीटरपेक्षा तास बघायला सांगेन. नवख्यांसह पहिल्या महिन्यात सायकलवरचे दोन तास पुरे, मग ते पंचवीस किलोमीटर होवोत की पस्तीस. पुढे अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवा. वेगाची परीक्षा सोपी आहे: सपाट रस्त्यावर पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ग्रुपचा वेग त्या माणसासाठी जास्त आहे. रस्ता आखताना मी शक्यतो इंग्रजी आठाच्या आकाराचा घेते, मध्यावर पुन्हा गावाजवळून जाणारा. ज्याला पुरे झालं तो मध्यावरून घरी जातो, कुणाला त्याच्यासाठी वळावं लागत नाही आणि त्यालाही हरल्यासारखं वाटत नाही. आणि जाताना समोरचा वारा, येताना पाठीचा, असं जमलं तर बघा. दमल्यावर समोरून वारा लागला की नवखा माणूस पुन्हा येत नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तासाभराच्या राइडला पाणी पुरतं. दीड-दोन तासांच्या पुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी घोटभर पाणी प्या, उन्हाळ्यात घाम फार येत असेल तर त्यात मीठ-साखर घाला. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही धोक्याचं असतं, रक्तातलं सोडियम उतरतं. फ्रान्समधले पॉल द व्हिव्ही, जे व्हेलोसिओ नावाने लिहायचे (१८५३–१९३०), त्यांनी सायकलस्वारांसाठी जे नियम सांगितले त्यांत भूक लागण्याआधी खावं, तहान लागण्याआधी प्यावं, आणि बडेजावासाठी पायडल मारू नये, हेही होतं. तुमच्या पुढच्या चार जणांना हे तिसरं जरूर वाचून दाखवा.

पंक्चर हा ग्रुप जुळवायचा चांगला प्रसंग असतो. सगळ्यांनी रस्ता सोडून थांबायचं. ट्यूब बदलणाऱ्याने नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवायची, कारण काटा आतच राहिला तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधायचं आणि ती टायरवर धरून व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये बघायचं, काटा तिथेच सापडतो. शेजारी शेजारी दोन बारीक भोकं असतील तर काट्याचा दोष नाही, हवा कमी होती आणि ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या मध्ये चिमटली. पॅच लावताना सोल्यूशन पूर्ण सुकू द्यायचं, ओल्यावर चिकटवलेला पॅच निघतो. प्रत्येक वेळी एकाच हुशार माणसाने हे केलं तर बाकीचे कधी शिकत नाहीत. ज्याचं पंक्चर त्याच्या हाताने, दुसऱ्याने फक्त सांगायचं. ज्याला स्वतः ट्यूब बदलता येते तो मागे राहायला घाबरत नाही.

राहता राहिले ते गळालेले मित्र. ग्रुपवर ‘सगळ्यांनी या’ असा मेसेज टाकून ते येणार नाहीत. प्रत्येकाला वेगळा फोन करा, आणि ‘आम्ही हळू चालवू’ असंही म्हणू नका, त्यात उपकाराचा सूर येतो. नेमकं सांगा: किती वाजता निघणार, कुठे कुठे थांबणार, मध्ये कुठून घरी वळता येईल आणि उशिरात उशिरा किती वाजता परत येणार. घरच्यांना वेळ सांगता आली की निम्मी माणसं मोकळ्या मनाने येतात. त्या राइडला तुमच्या सर्वांत जोरकस माणसाला स्वीप करा आणि पुढे नेण्याचं काम गळालेल्यांपैकी एकाला द्या. पुढे तो असेल तर वेगही त्याचाच राहील. दोन-तीन रविवार असं करून बघा आणि मग इथेच सांगा काय झालं, तुमचा रस्ता आणि चढ कळले तर थांबे कुठे ठेवायचे तेही बघता येईल.